कमरेखाली बळ नसताना शिडाची होडी कशी चालवतात, आणि शर्यतीत कुठवर जाता येते

प्रश्न मालवणजवळच्या एका ताईंचा आहे. त्यांचा बावीस वर्षांचा भाऊ माडावरून पडला आणि पाठीचा कणा छातीच्या दहाव्या मणक्यापाशी दुखावला. पाय गेले, हात आणि खांदे शाबूत आहेत. वडिलांची मासेमारीची होडी, त्यामुळे पोर पाण्यावरच वाढलेले. ताई विचारतात: दिव्यांगांसाठी शिडाच्या होड्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती होतात असे ऐकले, त्या पॅरालिंपिकमध्ये आहेत का? पाय हलत नसताना होडी चालवतात कशी? आणि माझ्या भावाने सुरुवात कुठून करायची?

मी शिडाच्या होड्यांचा प्रशिक्षक आहे आणि दिव्यांग खलाशांबरोबर बरीच वर्षे काम करतो आहे. माझे उत्तर लांब आहे, कारण अर्धवट माहितीवर एखाद्या मुलाला स्वप्न दाखवणे मला पटत नाही.

आधी नको असलेली बातमी. हा खेळ सध्या पॅरालिंपिकमध्ये नाही. अटलांटात १९९६ला तो प्रदर्शनीय म्हणून झाला, सिडनीत २०००पासून त्याला पदके मिळू लागली आणि रिओत २०१६पर्यंत तो राहिला. ३१ जानेवारी २०१५ रोजी आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने टोकियोची यादी जाहीर केली, तेव्हा त्यात बॅडमिंटन आणि तायक्वांदो आले, आणि सेलिंग, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यती, व सात जणांचा फुटबॉल बाहेर गेले. कारण दिले गेले ते जगभरातल्या प्रसाराचे. वैयक्तिक खेळ निदान ३२ देशांत आणि तीन खंडीय विभागांत नियमित खेळला जायला हवा, असा समितीचा निकष होता आणि सेलिंग त्यात कमी पडले. पॅरिसलाही ते परत आले नाही. लॉस एंजेलिस २०२८साठी सेलिंगच्या जागतिक संघटनेने मोठी मोहीम चालवली, पण २०२४मध्ये ती जागा पॅरा क्लाइंबिंगला, म्हणजे दिव्यांगांच्या भिंतीवरच्या चढाईला मिळाली.

मला हा निर्णय तेव्हाही दुःखद वाटला आणि आजही वाटतो. पण त्यामागचे कारण खोटे नव्हते, हेही मान्य करायला हवे. रिओत ८० खलाशी होते. ज्या तीन होड्यांवर शर्यती व्हायच्या त्या घेणे, ठेवणे आणि कंटेनरमधून जगभर फिरवणे श्रीमंत देशांनाच परवडायचे. आफ्रिकेत, दक्षिण आशियात, लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात त्या होड्या दिसतच नसत. या खेळाची खरी अडचण पाण्यावर कधीच नव्हती. ती किनाऱ्यावर आहे: होडी किती देशांत पोहोचली, क्लबला होडी पाण्यात सोडायची उतरण आहे का, व्हीलचेअरमधून होडीत बसवायला यारी आहे का. तुमच्या भावाला लागणार आहे तेही हेच, म्हणून हा इतिहास सांगितला.

त्याने हाती घ्यायचे ध्येय मात्र आजही खरेखुरे आहे: जागतिक अजिंक्यपद. पॅरालिंपिकमधून बाहेर पडल्यावर जागतिक संघटनेने स्वतःची पॅरा जागतिक स्पर्धा जोमाने चालवली. २०१७ला जर्मनीत कील, २०१८ला अमेरिकेत विस्कॉन्सिनमधले शेबॉयगन, २०१९ला स्पेनमध्ये काडिझजवळचे पुएर्तो शेरी. ऑगस्ट २०२३मध्ये नेदरलँड्समध्ये हेगजवळ सर्व ऑलिंपिक प्रकारांचे जागतिक अजिंक्यपद झाले, त्याच किनाऱ्यावर, त्याच दिवसांत पॅरा प्रकारांच्याही शर्यती झाल्या. ऑलिंपिकचे खलाशी आणि व्हीलचेअरवरचे खलाशी एकाच आवारात शिडे बांधत होते. माझ्या लेखी पदकांच्या यादीपेक्षा हे मोठे आहे.

आता दुसरा प्रश्न: चालवतात कशी?

मासेमारीच्या होडीवर किंवा लहान डिंगीवर माणूस उठतो, वाकतो, वाऱ्याच्या बाजूला अंग बाहेर टाकतो. शरीराचे वजन हाच तिथला तोल. पॅरा प्रकारांतल्या होड्या वेगळ्या घडवलेल्या असतात. त्यांत तोल सांभाळते तळाचे वजन आणि माणूस मध्यभागी बसून राहतो.

भावासाठी पहिली होडी म्हणून मी हान्सा ३०३ सुचवेन. ऑस्ट्रेलियात ख्रिस मिचेल यांनी ती बेतली. लांबी ३.०३ मीटर, नाव त्यावरूनच पडले. तळातून पाण्यात उतरणाऱ्या मधल्या फळीत सुमारे ३० किलोचे वजन असल्याने ती सहसा उलटत नाही. झोळीसारख्या कापडी बैठकीत, खूप खाली, तोंड पुढे करून बसायचे. दोन पायांच्या मधे एक दांडी असते, ती डावीकडे ढकलली की होडी डावीकडे जाते. साध्या सुकाणूचे उलटे गणित इथे नाही. दोन्ही शिडांचे दोर हाताशी येतात, आणि वारा वाढला तर शीड डोलकाठीभोवती गुंडाळून लहान करता येते. हातांतही ताकद नसेल तर विजेवर चालणारी मोटर बसवतात. मग दोर ओढणे आणि सुकाणू फिरवणे लहानशा कळीवर किंवा हनुवटीच्या हालचालीवर होते. जागतिक स्पर्धेत या होडीवर पुरुष आणि महिला अशा वेगळ्या एकेरी शर्यती असतात. पोलंडचा पिओत्र चिहोत्स्की अनेकदा जगज्जेता झाला तो याच होडीवर. त्याच्या शर्यतींची चित्रफीत मिळाली तर भावाला जरूर दाखवा. होडी लहान आहे म्हणून शर्यत सोपी नसते, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते.

दुसरी आहे टू पॉइंट फोर मीटर, इथे नावातला आकडा लांबीचा नाही. स्वीडनचे पीटर नॉर्लिन यांनी बेतलेली, सव्वाचार मीटरच्या आतली, सुमारे २६० किलोची, आणि त्यातला मोठा भाग तळाच्या शिशाचा. खलाशी तिच्या पोटात उतरून बसतो, वर दिसते फक्त डोके आणि खांदे. सगळे दोर समोर, हाताच्या अंतरावर. शिडाला किती पोट द्यायचे, डोलकाठी किती वाकवायची, दोर किती ताणायचा, असे दहा-बारा बारकावे बसल्या जागी जुळवावे लागतात. वजनाने, उंचीने, पायांच्या ताकदीने इथे काही फरक पडत नाही. म्हणूनच ती पॅरा होडी असूनही सर्वांसाठी खुली आहे. दिव्यांग आणि धडधाकट एकाच रेषेवरून सुटतात आणि अनेकदा दिव्यांगच पुढे असतात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण निक स्कँडोन. अमेरिकेचा उत्तम खलाशी, ऑलिंपिकची तयारी केलेला. २००२मध्ये त्याला एएलएस झाल्याचे निदान झाले. या आजारात स्नायूंचे बळ एकेक करून जाते. २००५मध्ये त्याने टू पॉइंट फोरचे खुले जागतिक अजिंक्यपद जिंकले, धडधाकट खलाशांना हरवून, आणि त्या वर्षी अमेरिकेचा सर्वोत्तम खलाशी ठरला. २००८पर्यंत हात इतके गेले होते की एकट्याने ती होडी चालवणे शक्य नव्हते. मग तो स्कड १८ या दोघांच्या होडीत बसला. जोडीला मॉरीन मॅकिनन-टकर होती, तीही कण्याच्या इजेमुळे व्हीलचेअरवर. बीजिंग पॅरालिंपिकच्या शर्यती झाल्या त्या चिंगदाओच्या पाण्यात दोघांनी सुवर्ण जिंकले. पुढच्या जानेवारीत निक गेला. मी हे रडवण्यासाठी सांगत नाही. शरीर उतरत असताना होडी बदलत गेली आणि त्याचे डोके शेवटपर्यंत शर्यत खेळत राहिले. या खेळात हे शक्य आहे, आणि असे खेळ फार नाहीत.

आणखी काही नावे भावाला माहीत असावीत. फ्रान्सचा दामियाँ सेगाँ डाव्या हाताच्या पंजाशिवाय जन्मला. अथेन्स २००४ आणि रिओ २०१६ अशी दोन पॅरालिंपिक सुवर्णे त्याने टू पॉइंट फोरमध्ये घेतली, आणि मग वाँदे ग्लोब या एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत २०२०-२१ला उतरून सातवा आला. ऑस्ट्रेलियाचे डॅनियल फिट्झगिबन आणि लीझल टेश यांनी स्कड १८मध्ये लंडन आणि रिओ दोन्हीकडे सुवर्ण जिंकले. डॅनियलचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय बाधित आहेत, आणि लीझल त्याआधी व्हीलचेअर बास्केटबॉलची पॅरालिंपिक पदकविजेती होती. आणि हिलरी लिस्टर. मानेखाली काहीच हलत नसताना तोंडाजवळच्या नळ्यांत श्वास फुंकून आणि ओढून तिने होडी चालवली. २००५मध्ये एकटीने इंग्लिश खाडी, २००९मध्ये एकटीने ब्रिटनला फेरी. २०१४मध्ये ओमानच्या नाश्वा अल किंदीबरोबर ती मुंबईहून मस्कतला गेली, म्हणजे आपल्याच अरबी समुद्रातून. मुंबई बंदरातून सुटलेल्या त्या होडीची बातमी आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात नाही, याची मला खंत वाटते.

वर्गीकरणाबद्दल लोक घाबरतात, म्हणून थोडे त्यावर. शर्यतीत उतरण्याआधी वर्गीकरण करणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि सेलिंगचे जाणकार तपासणी करतात. आधी टेबलावर स्नायूंचे बळ आणि सांध्यांची हालचाल. मग धक्क्यावर प्रत्यक्ष काम: दोर ओढणे, तो अडकवून सोडणे, सुकाणू धरणे, एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकणे, धड सावरणे. शेवटी पाण्यावर निरीक्षण. पॅरालिंपिकच्या काळात १ ते ७ असे गुण मिळत, १ म्हणजे सर्वांत तीव्र अपंगत्व. सोनार या तिघांच्या होडीत एकूण गुण १४पेक्षा जास्त चालत नसत, त्यामुळे सौम्य अपंगत्वाचे तिघे मिळून चमू बनवता येत नसे. तीव्र अपंगत्वाचा खलाशी चमूत ओझे न राहता गरजेचा होई. मला हा नियम फार आवडायचा. आता एकेरी होड्यांत मुख्य प्रश्न एवढाच असतो की अपंगत्व ठरलेल्या किमान मर्यादेइतके आहे का. कण्याची संपूर्ण इजा असलेल्या तुमच्या भावाला ती अडचण येऊ नये. शस्त्रक्रियेचे कागद, एमआरआय आणि सध्याच्या तपासणीचा अहवाल इंग्रजीत नीट फाइल करून ठेवा.

दृष्टिहीनांच्या शर्यती हा वेगळाच प्रांत आहे. तिथे सुकाणू आणि मोठे शीड दृष्टिहीन खलाशाच्या हाती असते आणि डोळस साथीदार तोंडाने वाट सांगतो. इटलीत गार्डा सरोवरावर तर आवाज करणारे बोये लावून डोळस माणसाशिवायही शर्यती होतात.

आता शरीर. हा भाग कृपा करून भावाबरोबर बसून वाचा. पाण्यावरचे बहुतेक प्रसंग वाऱ्यामुळे ओढवत नाहीत, न जाणवणाऱ्या त्वचेमुळे ओढवतात.

बसून होणारी जखम हा पहिला शत्रू. शर्यतीचा दिवस म्हणजे चार-पाच तास ओल्या, खारट कपड्यात एकाच जागी. मागे खिसा किंवा जाड शिवण असलेली पँट नको. व्हीलचेअरची उशी भिजते, त्यामुळे होडीसाठी वेगळी, पाणी न धरणारी उशी ठेवा. शर्यतींच्या मधल्या वेळात हातांवर जोर देऊन बूड उचलायची सवय लावा. रोज संध्याकाळी आरशात पाहून त्वचा तपासायची. लाल डाग दाबल्यावर फिका पडत नसेल तर तो जाईपर्यंत होडीत बसायचे नाही, शर्यत कितीही मोठी असली तरी.

पायांना बूट हवेतच. उन्हात तापलेला फायबर त्याला जाणवणार नाही, आणि गुडघा कडेवर आपटत राहिला तरी कळणार नाही. पाय रुंद पट्ट्याने एकत्र ठेवावेत, पण पट्टा असा असावा की एका हाताने, पाण्याखाली, न पाहता सोडता येईल. ही माझी ठाम अट आहे. तो पट्टा त्याने स्वतः सोडून दाखवल्याशिवाय मी कुणालाही धक्क्यावरून निघू देत नाही.

पोहणे येत असेलच, पण आताचे शरीर वेगळे तरंगते. जीवरक्षक जाकीट घालून कमरेएवढ्या पाण्यात, दोन माणसे बाजूला ठेवून, पालथे पडून स्वतः उताणे होण्याचा सराव करावा. पायांना आचके येत असतील तर थंड पाण्यात ते वाढतात, तेही आधीच पाहून ठेवा. लघवीचे वेळापत्रक शर्यतीच्या वेळापत्रकाशी जुळवावे लागते. अनेक जण त्यासाठी पाणी पिणेच कमी करतात, आणि कोकणातल्या उन्हात ते धोक्याचे आहे.

छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना आणखी एक धोका असतो. घट्ट पट्टा किंवा लघवीची अडलेली नळी यांमुळे रक्तदाब अचानक चढतो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो. तेव्हा त्यांना ताठ बसवून पट्टे सैल करायचे आणि कारण शोधायचे. तुमच्या भावाची इजा खाली आहे, त्याला हा धोका फारसा नाही. पण उद्या त्याच्यामुळे आणखी कुणी पाण्यावर आले तर तुम्हाला हे माहीत असावे.

आणि खांदे. तेच आता त्याचे पाय आहेत. व्हीलचेअर ढकलणे, उचलून बसणे आणि वर दोर ओढणे, सगळे त्यांच्यावरच. पाठीमागच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून आजच सुरू करा.

सुरुवात कुठे करायची, यावर माझे मत स्पष्ट आहे: मुंबईत नाही. क्लब तिथे जुने आणि चांगले आहेत, पण बंदरात उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. ओहोटीला उतरण चढणे धडधाकट माणसालाही जड जाते, आणि बोया बांधलेल्या होडीपर्यंत लाँचने जाऊन पायऱ्यांवरून उतरावे लागते. तुमच्याकडे दक्षिणेला भरतीचा फरक त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. देवबाग-तारकर्लीजवळचे कर्ली नदीचे आतले पाणी सपाट आणि सुरक्षित आहे, मुखाजवळची ओढ टाळली की झाले. गोवाही जवळ आहे. तिथे शिडाच्या होड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा होत आल्या आहेत आणि प्रशिक्षित माणसे आहेत. भारताच्या यॉटिंग संघटनेला पत्र लिहा, आणि पत्रात अपघाताची कहाणी लांबवू नका. कोणत्या मणक्याची इजा, हातांचे बळ किती, पोहणे येते का, पाण्याचा अनुभव किती, एवढे लिहा.

खास होडी मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही. तळाला शिसे असलेली कोणतीही स्थिर, रुंद होडी चालेल. जे-२४सारख्या होडीत तो शिडाचा दोर धरून किंवा सुकाणूवर बसून शिकू शकतो, फक्त पाठीला टेकू देणारी, तळाला घट्ट बांधलेली खुर्ची हवी. ती गावातला सुतारही करून देईल. होडीत उचलून घेताना दोन माणसे लागतात, एकाने काखेतून आणि एकाने मांड्यांखालून धरायचे. हात धरून ओढायचे नाही. कसे उचलायचे हे भावानेच सांगायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर मदत करणारे त्याला सामानासारखे उचलू लागतात.

एक गोष्ट त्याच्याकडे आहे जी मी युरोपातल्या किती तरी शिकाऊंना शिकवू शकलेलो नाही. सकाळचे मतलई वारे कधी मरतात, दुपारी खारा वारा कोणत्या बाजूने भरतो, पाण्यावर काळपट पट्टा दिसला की तिथे झुळूक आहे, खाडीच्या तोंडाशी प्रवाह कुठे फिरतो, हे मच्छीमाराच्या पोराला अंगवळणी असते. शर्यतीत पहिल्या क्रमांकाला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी सर्वांत कमी गुणांचा जिंकतो. म्हणजे एखादी शर्यत जिंकण्यापेक्षा रोज पहिल्या पाचात राहणे महत्त्वाचे. ते जमते वाऱ्याची पुढची खेळी आधी ओळखणाऱ्याला. शीड कसे जुळवायचे, नियम काय, सुटण्याच्या रेषेवर पाच मिनिटे कशी काढायची, हे मी किंवा कुणीही प्रशिक्षक शिकवू शकतो. पाणी वाचणे त्याला येते.

वेळेचे म्हणाल तर पावसाळ्यात काही नाही. जून ते सप्टेंबर खांदे, त्वचेची शिस्त आणि नियमांचे पुस्तक. ऑक्टोबर संपत आला की आतल्या पाण्यात, सकाळी, वारा कमी असताना पहिले काही आठवडे फक्त बसणे, वळणे आणि पट्टा सोडण्याचा सराव. डिसेंबर-जानेवारीत दुपारच्या वाऱ्यात. बरोबर मोटरची बचाव होडी हवीच, आणि ती तुमच्या वडिलांची असली तर उत्तम, फक्त प्रोपेलरला जाळीचे संरक्षण बसवून घ्या. मार्चपर्यंत तो तीन बोयांभोवती न थांबता, मदतीशिवाय फेरी मारू लागला की मला कळवा. तेव्हा कोणती शर्यत आधी आणि कोणती होडी, हे त्याच्या हातांची ताकद प्रत्यक्ष पाहून ठरवू.